सोमवारपासून निनू शाळेच्या वेळेत तुमच्याकडे येणार नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

समोर बसून सांगणार होते. पण विषय काढला की आईचे डोळे भरतात आणि बाबा, तुम्ही उठून झाडांना पाणी घालायला जाता. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाचा, मग काय रागवायचं ते रागवा.

शाळा नको म्हणून निनूचं सकाळी पोट दुखतं आणि मग तो तुमच्याकडे येतो, त्याबद्दल ठरलंय ते आधीच सांगून टाकते. सोमवारपासून निनू शाळेच्या वेळेत तुमच्याकडे येणार नाही. सकाळी त्याला सोडायला सुहास जाईल. बाबा, शाळेतून "पोट दुखतंय, आजोबांना पाठवा" असा फोन आला तरी तुम्ही निघायचं नाही. फोन मला करायला सांगितलाय. मी महिनाभर अर्धी रजा घेतली आहे, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. दुपारी दोननंतर मात्र तो तुमचाच.

हे तुमच्यावर रुसून ठरवलेलं नाही, हे आधी मनावर घ्या. दादाचंही शाळेचं असंच झालं होतं, त्या वर्षाबद्दल आई अजून स्वतःलाच दोष देते, तसं या वेळी मला अजिबात व्हायला नकोय.

निनू नाटक करत नाही. बाबा, "काही झालेलं नाही त्याला" हे तुमचं वाक्य अर्धंच खरं आहे. आतड्यांना मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याचं सतत बोलणं चालू असतं. भीती वाटली की अंगात ॲड्रेनालिन उसळतं, पोटाची हालचाल बिघडते, कळ येते, मळमळतं. दुखणं खरंच असतं. म्हणूनच ते रविवारी संध्याकाळपासून सुरू होतं, सकाळी साडेसातला सगळ्यात जास्त असतं आणि शाळेची वेळ टळली की दहाच्या सुमाराला विरतं. सुट्टीत एकदाही दुखलं नाही, हे तुमच्याही लक्षात आलं होतं.

तरी आधी शरीराची तपासणी करून घेतली. बाबांना पुरावा लागतो, म्हणून सांगते: जॉन ॲप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९५८ मध्ये मुलांच्या वारंवार दुखणाऱ्या पोटाचा अभ्यास केला. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी आत काही आजार असण्याची शक्यता जास्त, हा त्यांचा ठोकताळा डॉक्टर आजही वापरतात. निनू बोट ठेवतो ते नेमकं बेंबीवर. दुखण्यानं रात्री झोपेतून उठणं, वजन घटणं, शौचातून रक्त, वारंवार उलट्या, ताप यांतलं काही नाही. डोळे आणि कान तपासले, ठीक आहेत. बद्धकोष्ठता तेवढी निघाली. तिचं कारण पुढे येतंच.

"शाळेत का जायचं नाही?" असं विचारलं की मुलं "माहीत नाही" म्हणतात, आणि त्यांना खरंच माहीत नसतं. म्हणून 'का' विचारायचं नाही, 'केव्हा' विचारायचं. त्याला एका कागदावर उठल्यापासून घरी येईपर्यंतचा दिवस तासातासानं लिहून दिला आणि प्रत्येकापुढे शून्य ते दहा असा भीतीचा आकडा टाकायला सांगितला. तो कागद आत्ता माझ्यासमोर आहे. उठणं ३. गणवेश ५. फाटक ८. गणित ४. भाषा २. विज्ञान १, आणि त्याच्याशेजारी एक हसरं तोंड काढलंय. मधली सुट्टी ९. आणि सगळ्यात खाली, आपणहून घातलेली एक ओळ: स्वच्छतागृह ८.

आपण सगळे गणित धरून बसलो होतो! बाबा रोज तास-तास पाढे घेत होते. ते वाया गेलेलं नाही, पण दुखणं तिथं नव्हतंच. त्याचा एकुलता एक मित्र यंदा दुसऱ्या तुकडीत गेला, मधल्या सुट्टीत कुठं उभं राहायचं हे निनूला कळत नाही. स्वच्छतागृहाच्या दाराची कडी लागत नाही, म्हणून तो तिथं जात नाही. जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाही. पाणी नाही आणि शौच दाबून धरलेली, मग बद्धकोष्ठता, डोकेदुखी आणि पुन्हा पोटदुखी. म्हणजे भीतीची कळ वेगळी आणि कोठ्याची वेगळी, दोन्ही एकाच ठिकाणी. कडी शाळेनं परवा बसवून घेतली. पाण्याच्या बाटलीवर मी दोन रेघा मारल्यात, एक मधल्या सुट्टीपर्यंतची आणि एक घरी येईपर्यंतची.

मुलांना शाळेत जावंसं वाटायला फार काही लागत नाही. शेजारी बसणारं एक माणूस, आपलं नाव माहीत असलेलं एक मोठं माणूस, आपल्याला जमणारी एक गोष्ट, आणि आता पुढे काय होणार याची खात्री. निनूकडे विज्ञान आहे आणि बाई चांगल्या आहेत. दोन गोष्टी कमी पडल्या, तेवढ्यावर सगळा डोलारा कलला.

आता ज्यामुळे तुम्हाला वाईट वाटेल ते. आई, तुझा हात पोटावरून फिरला की दुखणं पळतं. माझंही पळायचं. त्याचंही पळतं, आणि खरी अडचण नेमकी इथेच आहे गं. भीतीच्या टोकावर असताना मूल घरी आलं की त्या क्षणी हायसं वाटतं आणि मेंदू एकच शिकतो: शाळा धोक्याची होती, घरी पळालो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी फाटक आणखी उंच होतं. तोच जर तिथं थांबला असता तर भीती थोडी चढली असती आणि मग आपोआप उतरली असती, कारण शरीर तितक्या ताणावर फार वेळ राहू शकत नाही. ती उतरते हे त्याला एकदाही अनुभवायला मिळालेलं नाही.

कर्नी आणि सिल्व्हरमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये शाळा टाळण्यामागची चार कारणं मांडली, आम्ही समुपदेशनात अजून तीच चौकट वापरतो. शाळेतल्या कशानं तरी अस्वस्थ वाटणं, चारचौघांसमोर किंवा परीक्षेत पारखलं जाण्याची भीती, घरच्यांचं लक्ष हवं असणं, आणि घरी शाळेपेक्षा काहीतरी छान मिळणं. सुरुवात बहुतेकदा पहिल्या दोनांपैकी कशानं तरी होते, निनूचीही तशीच झाली. नंतर नकळत शेवटची दोन येऊन चिकटतात. तुमच्याकडे कॅरम, निळी गोधडी, आजोबांच्या गोष्टी! ते सगळं असं गोड आहे यात तुमची काय चूक? फक्त ते सकाळी अकराला मिळायला नको.

आणि आई, दोषाचं म्हणशील तर हेही ऐक. १९४१ मध्ये ॲडलेड जॉन्सन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराला 'शाळेचा भयगंड' म्हटलं, तेव्हा बोट बरंचसं आईकडेच दाखवलं गेलं. आता तसं कुणी जाणकार मानत नाही. नावही बदललं, आता 'शाळानकार' म्हणतात. त्यामुळे 'माझ्या लाडानं झालं' हे पुन्हा म्हणायचं नाही. दादाच्या बाबतीतही नाही.

आता पायऱ्या सांगते. पाच आठवड्यांत अकरा दिवस बुडालेत, म्हणून एकदम पूर्ण दिवसाचा हट्ट धरत नाही. पहिला आठवडा फक्त मधल्या सुट्टीपर्यंत. गर्दीच्या दहा मिनिटं आधी तो बाजूच्या दारानं आत जाईल, बाई दाराशी असतील आणि लगेच हातात काम देतील: फळ्यावर तारीख लिहायची, वह्या वाटायच्या. रिकामे हात भीती वाढवतात. दुसऱ्या आठवड्यात मधली सुट्टी वाचनालयात, बरोबर वर्गातलाच एक मुलगा. बाईंनी शांत स्वभावाचा निवडलाय. तिसऱ्या आठवड्यात सुट्टीची पहिली दहा मिनिटं मैदानावर, उरलेली वाचनालयात. चौथ्यात पूर्ण दिवस.

निघायची वेळ आदल्या रात्री ठरलेली असते, ती रडण्यावर बदलत नाही. शांत असला तरी लवकर नाही आणि रडला तरी लवकर नाही. एखादी पायरी जमली नाही तर तिची अर्धी करायची, पण शून्यावर यायचं नाही.

बिघडतं कुठं तेही लिहून ठेवते, कारण हे दिवस नक्की येणार. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो आधीपेक्षा मोठ्यानं रडेल. जुनी युक्ती चालेना म्हणून मूल ती जास्त जोरानं करून बघतं. चार दिवस टिकून पाचव्या दिवशी आपण विरघळलो, तर 'पुरेसं लांब रडलं की जमतं' एवढंच तो शिकेल. त्यापेक्षा सुरुवातच न केलेली बरी. सोमवार, सुट्टीनंतरचा पहिला दिवस आणि आजारातून उठल्यावरचा पहिला दिवस जड जाणार. त्या दिवशी घाबरून मला फोन करू नका, सगळं मोडलं असं समजू नका.

सकाळी फोनवर बोलायचंच असेल तर "पोट दुखतंय का रे?" हे अजिबात विचारायचं नाही. विचारलं की तो शोधतो आणि सापडतं. "आज जाणार ना?" हेही नको, प्रश्न आला की नकाराला जागा मिळते. "दुपारी भेटू" एवढं एकच वाक्य. सुहासलाही तेच सांगितलंय: एक मिठी, एक वाक्य, पाठ फिरवायची, खिडकीतून डोकवायचं नाही. पण न सांगता गुपचूप निघूनही जायचं नाही, नाहीतर मूल दुसऱ्या दिवशी बोट सोडत नाही.

दप्तर आणि कपडे रात्रीच काढून ठेवतो. त्याच्या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. सहाला उठायचं म्हणजे साडेआठला दिवा बंद. म्हणून बाबा, संध्याकाळचा डाव साडेसातला आवरायचा. "अजून एकच" असं तोही म्हणेल आणि तुम्हीही म्हणाल, मला माहीत आहे.

ताप, उलटी किंवा जुलाब असले तरच घरी, आणि मग अंथरुणात. नुसतं दुखतंय म्हणून राहिला तर शाळेच्या वेळेत घर कंटाळवाणं हवं: टीव्ही नाही, मोबाईल नाही, वेळापत्रकाप्रमाणे वही-पुस्तक. ते माझ्याकडे होईल, तुमच्याकडे नाही. कठोर व्हायचं काम मला करू दे. तुम्हाला ते जमत नाही आणि जमावं असंही मला वाटत नाही.

दुपारी आला की लगेच चौकशी नको. आधी हातपाय, खाणं, अर्धा तास काही न विचारता पडू द्या. मग "रडलास का?" ऐवजी "आज मधल्या सुट्टीत कुठे होतास?" असं विचारा. सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर राहू द्या. एक गोष्ट मात्र तो कधीही बोलला तरी मला तत्काळ कळवा: कुणी मारतं, चिडवतं, डबा हिसकावतं, धमकावतं. तसं असेल तर ही सगळी पायऱ्यांची भाषा बंद, आधी शाळेनं ते थांबवायचं. अशा ठिकाणी मुलाला सवय करायला पाठवणं हा अन्याय आहे. आत्तापर्यंत तसं काही दिसलेलं नाही, मी बाईंशी दोनदा बोलले. दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा तो खेळातूनही मन काढून घेऊ लागला, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ. वेळ घेऊन ठेवलीय, लागली नाही तर रद्द करू.

आता तुमचं. बाबा, त्याचं दप्तर घेऊन जिने चढायचे नाहीत. ते त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड होऊ नये म्हणून मी रोज वह्या काढते, तो स्वतः उचलू शकतो. तुमचा गुडघा नाही उचलू शकत. रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच, 'निनूला सोडून आलो की घेतो' हे निमित्तही आता संपलं. आई, सकाळ मोकळी झालीय तर तपासणी पुढे ढकलू नकोस. गुरुवारची वेळ घेतली आहे, मी बरोबर येते. उपाशीपोटी जायचंय, रात्री आठवण करीन. सकाळी घर सुनं वाटेल, मला कल्पना आहे. साडेसात ते आठ मला फोन कर, मी तेव्हा फाटकापासून लांब गाडीत बसलेली असेन आणि मलाही कुणाशी तरी बोलायला हवं असेल.

निळी गोधडी तुमच्याकडेच राहू दे, इकडे आणू नका. ती दुपारची आहे हे त्याला कळू दे. पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीनंतर दोनपर्यंत तो माझ्याजवळ अभ्यास करेल. दोन वाजून दहा मिनिटांनी मी त्याला तुमच्या दाराशी सोडते. बेल तोच वाजवेल. दार आधीपासून उघडून उभं राहू नका, त्याला वाजवू द्या.

तुमची,
मनू