पिला हाऊसच्या नाट्यगृहांचे परवाने कुठे आहेत?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

गिरगाव ते ग्रँट रोड या पट्ट्यातील नाट्यगृहांचा मागोवा घेणारी एक पायी फेरी आम्ही काहीजण आखत आहोत. त्यात आलेली एक अडचण आपल्याच खात्याकडून सुटण्याजोगी आहे, म्हणून हे पत्र.

ग्रँट रोडवरच्या नाट्यगृहांच्या वस्तीला लोक ‘पिला हाऊस’ म्हणतात; ‘प्लेहाऊस’चे लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झाले आणि तेच नाव टिकले. नाना शंकरशेट यांच्या जागेवर १८४६ साली ग्रँट रोड थिएटर उभे राहिले, १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीहून आणलेले खेळ तिथे झाले, आणि त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही त्याच रंगमंचावर उतरली. आज त्या जागी उभे राहून ‘हे इथेच घडले’ असे सांगायचे, तर हाती दाखवायला काहीच नसते. पुढे रिपन थिएटरचे आल्फ्रेड झाले आणि नाटकाच्या जागी सिनेमा आला, हे निदान इमारतीकडे बोट दाखवून सांगता येते.

आमच्या हाती एका घरातून नाटकाची जुनी हस्तपत्रिका आली. कागदाला घडीवर भेग पडली आहे आणि नेमके थिएटरचे नाव त्या भेगेत गेले आहे. ‘स्त्रियांकरिता बसण्याची निराळी सोय’ ही ओळ मात्र शाबूत आहे. तिथी आणि वार छापले आहेत, साल नाही. तेव्हाच्या प्रेक्षकाला ते सांगायची गरजच काय! पंचांगे उलटून चार संभाव्य साले निघाली, त्यापुढे गाडी सरकेना.

खेळांना पोलिसांचा परवाना लागत असे, त्यामुळे परवान्याची नोंद मिळाल्यास तारीख आणि जागा दोन्ही ठरतील. चौकशीसाठी एका कार्यालयात गेलो, तर त्यांनी दुसरीकडे धाडले आणि दुसऱ्यांनी पुन्हा पहिल्याकडे.

पुराभिलेख संचालनालय आपल्या खात्याखाली येते. नाट्यगृहांचे परवाने आणि खेळांच्या परवानगीसंबंधीचे जुने कागद कोणत्या दप्तरात आहेत, त्यांची सूची संचालनालयाने पोलीस खात्याकडून मागवून जाहीर करावी, आणि जे कागद अद्याप पोलिसांच्याच ताब्यात असतील ते जतनासाठी आपल्याकडे घ्यावेत, एवढी विनंती आहे. कागद वाचण्याचे, नोंदी उतरवून घेण्याचे काम आम्ही विनामोबदला करू.

आपला नम्र,
गिरगावातील एक नाट्यप्रेमी