वेंट्झ गेला, फोल्स आला

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू म्हणालास की अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून डाव चालवणारा, बदलला की टीम खचतेच, आणि मी नुसतं हं हं केलं कारण ऑफिसात होतो, पण ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायलाच बसलो.

१० डिसेंबर २०१७ आठवतो? आपले फिलाडेल्फियाचे ईगल्स रॅम्सशी खेळायला लॉस एंजेलिसला गेले होते. आपला क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ, त्या सीझनला १३ मॅचमध्ये ३३ टचडाऊन पास (टचडाऊन म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन सहा पॉइंट), आख्खं फिलाडेल्फिया त्याच्यावर फिदा, आणि त्याचाच गुडघा गेला. लिगामेंट तुटलेलं असताना पठ्ठ्या आणखी चार प्ले, म्हणजे चार चाली, मैदानावर थांबला, टचडाऊन पास टाकला आणि मग टनेलकडे चालत गेला. इकडे न्यू जर्सीत सोफ्यावर बसून माझे हातपाय गळाले रे.

क्वार्टरबॅक बदलला की सगळ्यात आधी आवाज बदलतो. हडलमध्ये, म्हणजे चालीआधीच्या घोळक्यात, प्ले तोच सांगतो, स्नॅपची, म्हणजे बॉल मागे द्यायची, हाक त्याची, समोरच्या फळीतले लाइनमन त्या हाकेच्या तालावर उठतात, जरा आधी हलले की पाच यार्ड मागे. वेंट्झचा बॅकअप, म्हणजे राखीव, निक फोल्स आला तेव्हा हे सगळं नव्याने बसवायचं होतं, आणि तेही डिसेंबरात. रॅम्सची ती मॅच ४३-३५ काढली खरी, पण पुढे रेडर्सशी रडतखडत जिंकलो आणि काउबॉइजकडून ६-० हरलो. पहिलं सीड (मानांकन) असून प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, घरच्या मैदानावर सट्टावाल्यांनी आपल्यालाच कमी, म्हणजे ‘अंडरडॉग’, धरलं! तो अपमान टीमला असा लागला की फाल्कन्सना १५-१० हरवल्यावर लेन जॉन्सन आणि क्रिस लाँग चक्क कुत्र्याचे मुखवटे घालून मैदानावर. खचलेली माणसं असं करतात का, तूच सांग. आणि कोच डग पेडरसन, तो स्वतः कधीकाळी ब्रेट फार्वचा बॅकअप. फोल्सला जे जमतं तेच त्याने जास्त खेळवलं. सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलला, चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला), एक यार्ड बाकी असताना, फोल्सलाच पास पकडायला लावला! पेट्रियट्सवर ४१-३३.

आता त्याच पेडरसनचं ३ जानेवारी २०२१ घे. वॉशिंग्टनशी मॅच, १७-१४ ने मागे, फक्त तीन पॉइंट, आणि चौथ्या क्वार्टरला क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बसवून तिसऱ्या नंबरचा नेट सडफेल्ड आत. सडफेल्डला थोडं खेळायला मिळावं म्हणे. सीझन संपल्यातच जमा होता, मान्य, पण त्याच तीन तासांसाठी पोरं अंग मोडून खेळत होती ना? २०-१४ हरलो. आठ दिवसांत पेडरसनची नोकरी गेली. मला ते आजही खुपतं. दुखापतीने बदल झाला तर बाकीचे दुप्पट जोर लावतात, पण आपण जिंकावं असं आपल्याच कोचला वाटत नाही अशी शंका आली की कुणासाठी आपटून घ्यायचं?

म्हणून तुझं पटत नाही मला. रविवारी फोन करतोच, त्याआधी सुपर बोलच्या त्या चौथ्या डाउनची क्लिप परत बघ, आणि फोल्सच्या हातात पास पडला की साइडलाइनकडे बघ, सगळे कसे उसळतात ते.

तुझाच,
जर्सीवाला