कॅबिनेट घेताना आधी एसएमपीएस पाहा

संपादक महोदय,

रब्बीचे पाणी सुरू झाले की कृषिपंपांचा भार वाढतो, रोहित्रे जळतात आणि गावोगावी वीज ये-जा करू लागते. त्यातच निफाड पट्ट्यात पारा 5-6 अंशांवर उतरतो. अशा ठिकाणी शाळा, पतसंस्था, सेवा केंद्रे संगणक घेताना प्रोसेसर आणि रॅमची चौकशी करतात, कॅबिनेट, म्हणजे संगणकाची पेटी, मात्र काच आणि रंगीत दिवे पाहून निवडतात. नुकसान इथूनच सुरू होते.

स्वस्त कॅबिनेट बहुधा ‘एसएमपीएससह’ मिळते, म्हणजे घरातली वीज संगणकाला चालेल अशा कमी दाबाच्या विजेत बदलणाऱ्या डब्यासह. त्या डब्याच्या लेबलावर 450 वॉट छापलेले असतात. हातात घेतला तर वजनच लागत नाही, कारण आतला मुख्य कपॅसिटर, म्हणजे क्षणभराची वीज साठवणारा भाग, लहान असतो. वीज गेल्यावर साध्या यूपीएसला बॅटरीवर येण्यास 4 ते 10 मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ संगणक त्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर चालतो. चांगला एसएमपीएस सोळाएक मिलिसेकंद तग धरतो, फुकटातला धरत नाही. मग यूपीएस असूनही संगणक रीस्टार्ट होतो आणि लोक यूपीएसची बॅटरी बदलत बसतात. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक असेल तर त्याचे बटण ‘यूपीएस’ मोडवरच हवे. साध्या मोडमध्ये तो याहून बराच जास्त वेळ घेतो.

म्हणून कॅबिनेट रिकामे घ्यावे आणि एसएमपीएस वेगळा. त्याची जागा नेहमीच्या एटीएक्स मापाची असावी: 150 मिमी रुंद, 86 मिमी उंच, खोली किमान 140 मिमी. विजेच्या झटक्यात बहुतेकदा पहिला बळी एसएमपीएसचाच जातो. सडपातळ कॅबिनेटमधला वेगळ्या मापाचा एसएमपीएस तालुक्याच्या दुकानात सहसा नसतो आणि एवढ्यासाठी संगणक आठवडाभर बंद राहतो.

पंखे 120 मिमीचे दोन पुरेत, एक पुढे आणि एक मागे. दिव्यांचे सहा पंखे मिळून 15-20 वॉट सहज खातात. ग्राफिक्स कार्ड नसलेला कार्यालयीन संगणक मॉनिटरसह 70-80 वॉटवर चालतो. म्हणजे बॅकअपचा मोठा वाटा नुसत्या रोषणाईत जातो. शिवाय थंडीत लेड-अ‍ॅसिड बॅटरीची क्षमता आधीच उतरलेली असते.

हिवाळ्यात खरी भीती दवाची. रात्रभर वीज नसलेल्या खोलीत कॅबिनेटचा पत्रा 8-10 अंशांपर्यंत गार होतो. सकाळी शेजारी चूल पेटली, पाणी तापले, की ओलसर उबदार हवा त्यावर येते. हवा 20 अंश आणि आर्द्रता 60 टक्के असेल तर 12 अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरते. आतल्या मदरबोर्डावर धूळ साचलेली असेल तर ती हे पाणी शोषून घेते आणि त्या ओल्या थरातून वीज वाहू लागते. यासाठी पुढे आणि एसएमपीएसखाली काढून धुता येणारी जाळी पाहावी, बूड जमिनीपासून निदान दीड-दोन सेंटिमीटर उंच असावे. पत्र्याला ओल दिसली तर खोलीइतके तापमान येईपर्यंत, तासभर तरी, संगणक सुरू करू नये. प्लॅस्टिकचे कव्हर घालूच नये, ओल आत कोंडते. सुती कापड बरे.

मागच्या बाजूला कार्ड बसवायच्या स्लॉटवरच्या पट्ट्याही पाहाव्यात. तोडून काढायची पट्टी एकदा निघाली की ती फट कायमची. थंडीत उबेसाठी पाली आणि झुरळे त्यातूनच आत शिरतात आणि एसएमपीएसमध्ये शॉर्ट होतो. स्क्रूच्या पट्ट्या परत बसवता येतात.

अर्थिंगशिवाय कोणतेही कॅबिनेट सुरक्षित नाही. हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर एसएमपीएसच्या फिल्टरमधली गळती जमिनीत जात नाही, असे समजावे. तीन पिनांचा प्लग असून भागत नाही, भिंतीवरच्या स्विचबोर्डातली तिसरी तार अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोचलेली हवी. कोरड्या दुपारी अंगावरची स्थिर वीजही पुढच्या यूएसबीतून मदरबोर्डाला धक्का देऊ शकते. त्या पोर्टचे धातूचे कवच कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले आहे का, ते विचारावे.

बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी आणि वीज आल्यावर पाच मिनिटे थांबावे. परतणाऱ्या विजेचा दाब सुरुवातीला वर-खाली होत असतो.

विक्रेत्यांना विनंती आहे की कोटेशनमध्ये कॅबिनेट आणि एसएमपीएस वेगवेगळ्या ओळींत लिहावेत, एसएमपीएसचे मॉडेल आणि वॉरंटीची वर्षे यांसह. शाळा आणि ग्रामपंचायतींनीही तसे लिहून मागावे.

– एक वाचक, निफाड