खारघरच्या डोंगरवाटांवर खुणा कोण रंगवणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला हिवाळी सहलींवरचा मजकूर वाचला. गुलमर्गची गोंडोला, औलीचा रोपवे, भाड्याचा कोट चढवून काढलेले फोटो, सगळं आलं होतं. नव्हतं ते क्रॉस-कंट्री स्कीइंग, म्हणजे पायाला स्की बांधून सपाटीवरून, जंगलातून लांबवर जाण्याचा प्रकार. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आपला जगदीश सिंग याच प्रकारात १५ किलोमीटरच्या शर्यतीत उतरला होता, किती जणांना आठवतं?

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो. मुलगी नोकरीसाठी नॉर्वेत, ऑस्लोला असते, त्यामुळे तिथला हिवाळा चांगलाच ओळखीचा झाला आहे. साठी उलटलेल्या माणसालाही झेपेल असा हा खेळ आहे. स्की अरुंद आणि हलक्या, बूट फक्त चवड्याशी अडकवलेला, टाच मोकळी. एका पायाने रेटा द्यायचा आणि दुसऱ्यावर घसरत जायचं. स्कीच्या मधल्या भागाला, बरोबर पावलाखाली, मेण लावतात किंवा तिथे केसाळ पट्टी असते. रेटा देताना ती बर्फ धरते, म्हणून पाय मागे सरकत नाही. उतार लागला की स्कीची पुढची टोकं जवळ आणून मागची बाजू फाकवायची, वेग मरतो. (माझा दर वेळी मरतोच असं नाही.)

पण पत्र लिहायला बसलो ते तिथल्या वाटांमुळे. ऑस्लोच्या उत्तरेला नूरमार्का नावाचं जंगल आहे. शहराभोवतीच्या अशा जंगलांमध्ये मिळून सुमारे २,६०० किलोमीटर स्कीच्या वाटा आहेत. त्यांची निगा मुख्यतः शीफोरेनिंगेन ही संस्था राखते. संस्था १८८३ सालची, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली त्यानंतर तीस वर्षांनी स्थापन झालेली. खर्च सभासदांच्या वर्गणीतून आणि पालिकांच्या अनुदानातून चालतो. यंत्र फिरवून बर्फ दाबतात आणि त्यात दोन समांतर चर पाडतात, ते पाहून आमच्यासारख्याला रूळच आठवणार. कोणती वाट कधी तयार केली, हे मोबाइलवरच्या नकाशात रंगावरून कळतं. लोक तो नकाशा बघून मगच घर सोडतात.

एक नंबरची मेट्रो फ्रोग्नरसेटेरेनपर्यंत चढते, साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवर. डब्यात स्की धरून उभी असलेली माणसं, पाठीला पिशव्या लावलेली पोरं. तिथून जंगलात शिरायचं, उलेवोल्सेतेरच्या लाकडी घरात गरम वॉफलवर तपकिरी गोडसर चीज घालून खायचं आणि सोंग्सवान तलावापाशी उतरून पाच नंबरच्या मेट्रोने घरी यायचं. निघालो तिथेच परतायचं बंधन नाही, हे मला फार आवडलं. फाट्याफाट्यावर पाटी, तिच्यावर पुढच्या ठिकाणाचं नाव आणि अंतर. मधल्या झाडांवर रंगाच्या खुणा: स्कीच्या वाटेला लाल, उन्हाळी पायवाटेला निळ्या. दोन रंग का, तर हिवाळ्याची वाट गोठलेल्या तळ्यावरून आणि दलदलीवरून सरळ नेता येते. उन्हाळ्यात त्याच वाटेने गेलेला माणूस कंबरभर चिखलात सापडेल. जंगल तेच, पण ऋतू बदलला की वाट बदलते आणि नवख्यालाही ती कळते.

आता आपल्याकडे बघा. बेलापूर-पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. सेंट्रल पार्कच्या आसपास उतरलं की खारघरचा डोंगर समोरच. वर फणसवाडी, चाफेवाडी हे पाडे आहेत, आमचा ज्येष्ठांचा गट पहाटे त्या बाजूला जातो. पायवाटा भरपूर आहेत, पण कोणती कुठे उतरते हे सांगणारी एकही खूण आमच्या वाटेवर नाही. गेल्या श्रावणात धुकं इतकं दाट होतं की हाताच्या अंतरावरचं झुडूप दिसेना. कॉलेजची काही मुलं उतरायची वाट सोडून ओढ्याच्या घळीत शिरली होती. पाड्यावरच्या एका मावशींनी हाका मारमारून त्यांना वर घेतलं. मुलांना विचारलं तर म्हणाली, ‘काका, खाली पाटी होती, पण ती नेहमीच असते.’ लाल अक्षरांतली ‘प्रवेश बंद’ची पाटी.

पांडवकड्याच्या धबधब्यावर माणसं दगावली आहेत. पावसाळ्यात तिथली बंदी हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण ओढा, कडा आणि साधी चढाची वाट या तिघांना एकच पाटी लावली की तिचा अर्थ उरत नाही. आमच्या खात्यात हे फार पूर्वी ओळखलं गेलं. लोकलच्या मार्गावर ऑटोमॅटिक सिग्नल लाल असला, तर मोटरमन दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबतो आणि मग समोर बघत, गाडी आवरत पुढे जातो. फाट्यावरचा, स्टेशनातला सिग्नल मात्र लाल असेल तर परवानगीशिवाय चाक हलवायचं नाही. दोन्ही लालच, पण कोणता कसला हे खांबावरच्या खुणेवरून कळतं. सगळेच लाल सारखे आणि कायमचे ठेवले असते तर काय झालं असतं, ते डोंगराच्या पायथ्याशी रोज दिसतं.

कोणी म्हणेल, ही जमीन कोणाची, पाड्यांवरच्या लोकांच्या शेतांचं काय? रास्त प्रश्न आहे. नॉर्वेचा १९५७ चा कायदा पडीक माळावर आणि जंगलात बारा महिने कोणालाही चालू देतो. शेतात मात्र जमीन गोठलेली किंवा बर्फाने झाकलेली असेल तेव्हाच आणि ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर या काळात गोठलेली असली तरी नाही, कारण तो पिकाचा हंगाम. आपल्याकडे महिने वेगळे, हिशेब तोच: पावसाळ्यात वाट शेताला वळसा घालून न्यायची, कापणी झाली की जवळची मोकळी करायची. ती कुठून न्यायची हे पाड्यावरच्या लोकांनी ठरवावं. त्या वाटा त्यांच्याच पायांनी पडल्या आहेत.

येऊरबद्दल मी हे म्हणत नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे बिबट्याचा हक्क आधी. खारघर आणि पारसिकच्या डोंगरांपुरतं बोलतो आहे. इथे झाडांना रंग फासायचीही गरज नाही, कातळ मुबलक आहे. ‘पाट्या लावल्या तर चोरीला जातात’ हे उत्तर मला एका कार्यालयात मिळालं होतं. कातळ कोण उचलून नेणार? बाराही महिने चालता येईल अशा वाटेला निळी खूण, पाऊस लागला की बंद होणाऱ्या वाटेला लाल. फाट्यावर अंतर. मेट्रो स्टेशनाबाहेर एक मोठा नकाशा आणि त्याखाली फळा, आज काय उघडं, काय बंद ते रोज सकाळी लिहायला. फळा मुद्दाम म्हणतो, ॲप नंतर काढा.

खर्चाचं म्हणाल तर आमच्या गटात पाट्या रंगवण्यात हयात गेलेले दोघे आहेत आणि रंग-ब्रशाचे पैसे आम्ही वर्गणीतून काढू. लागेल ते फक्त लेखी परवानगीचं पत्र आणि पाड्यांवरच्या मंडळींसोबत बसायला एक अधिकारी. हे पावसाळ्याआधी झालं तर दिवाळीनंतर, शेतं मोकळी झाली की पहिली वाट रंगवायला घेता येईल.

आपला,
एक निवृत्त सिग्नल निरीक्षक
खारघर, नवी मुंबई