काकू, तुम्ही औषध दिलं नाहीत त्याबद्दल

मेडिकलवाल्या काकूंना,

सप्रेम नमस्कार.

पत्र असं उघडं लिहितेय, कारण तुमच्या काउंटरवर उभं राहून आभार मानायला लागले तर तुम्ही म्हणाल, "बाजूला व्हा जरा, मागं गिऱ्हाईक आहे." ते वाक्य मी तुमच्या तोंडून कमीत कमी दहा वेळा ऐकलंय.

जानेवारीतली गोष्ट. मी पुण्याहून माहेरी, कराडजवळच्या आमच्या गावी, लवकरच आले होते. एकोणतिसावा आठवडा चालू होता. कारखान्याचा हंगाम जोरात, रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या रानात पाचट पेटवलेलं, आणि पहाटे नदीकडून येणारं धुकं. येऊन चार दिवस झाले नाहीत तोवर नाक गळायला लागलं आणि सहाव्या दिवशी खोकला. साधा नव्हे, पोट धरून बसावं लागणारा.

घरात सर्दी झाली की औषध सगळ्यांकडेच असतं. आत्यानं परसातला अडुळसा तोडून, ज्येष्ठमध आणि सुंठ घालून काढा उकळला. शेजारच्या वहिनींनी त्यांच्याकडे उरलेल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या आणून दिल्या, "माझा असाच खोकला एका दिवसात गेला होता" म्हणून. भावाच्या मित्रानं एका कफ सिरपचं नाव सांगितलं. सगळे प्रेमानं काही ना काही देत होते. काढून घेणाऱ्या तेवढ्या तुम्ही निघालात.

भाऊ ते सिरप आणि सर्दीच्या गोळ्यांची एक स्ट्रिप आणायला तुमच्याकडे आला. तुम्ही विचारलंत, "कोणासाठी?" तो म्हणाला, "ताईसाठी." "ताई कुठं असते? पुण्यातली? पोटुशी आहे ती?" गावाकडच्या दुकानदाराला सगळ्यांच्या घरची खबर असते हे मला तोवर कटकटीचंच वाटायचं. तुम्ही त्याला रिकाम्या हाती परत पाठवलंत आणि वर निरोप, "तिलाच पाठव. फाइल घेऊन."

मी आले ती चिडूनच. खोकल्याच्या औषधाला कसली फाइल? तुम्ही चष्मा लावून फाइल वाचलीत, मागच्या तपासणीत बीपी जरा वर आलंय तिथं बोट ठेवलंत आणि ती स्ट्रिप उलटी करून माझ्यासमोर धरलीत. तेव्हा पहिल्यांदा मी सर्दीच्या गोळीच्या मागची बारीक अक्षरं वाचली. आपण जिला एक गोळी म्हणतो तिच्यात तीन-चार औषधं असतात. पॅरासिटामॉल, झोप आणणारं क्लोरफेनिरामिन, आणि चोंदलेलं नाक उघडणारं फेनिलेफ्रिन. हे तिसरं नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतं, आणि फक्त नाकातल्याच नाही. बीपी आधीच काठावर असलेल्या बाईनं ते स्वतःच्या मनानं घेऊ नये. शिवाय ही गोळी घ्यायची आणि ताप आला म्हणून वर वेगळी पॅरासिटामॉल घ्यायची, म्हणजे एकच औषध दुप्पट पोटात जाणार. मी नेमकं तेच करणार होते.

अंगदुखीसाठी ब्रुफेन चालेल का, असं मी विचारलं, तेव्हा तुमचा आवाज चढला. वीस आठवड्यांनंतर त्या जातीच्या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, डॉक्टरांनी खास लिहून दिल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तुम्ही इतक्या मोठ्यानं सांगितलंत की रांगेतल्या दोन आजोबांनीही ऐकलं. वहिनींच्या तीन गोळ्या मी पर्समधून काढून दाखवल्या. त्या तुम्ही परत दिल्याच नाहीत. साधी सर्दी विषाणूची, तिच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, एवढंच बोललात आणि गोळ्या ड्रॉवरमध्ये गेल्या.

काढ्याचं मात्र तुम्ही हळू आवाजात विचारलंत, कारण आत्या तुमची मैत्रीण. अडुळसा गर्भाशय आकुंचन पाववू शकतो म्हणून गर्भारपणात वैद्यसुद्धा तो टाळायला सांगतात. ज्येष्ठमधही रोज आणि भरपूर नको, त्यानं बीपी वाढतं. "घरचं आहे म्हणजे सौम्यच असणार असं कुठं लिहिलंय?" हे तुमचं वाक्य मी नंतर आत्याला तुमचं नाव न घेता ऐकवलं. आत्या वाईट नाही हो. तिच्या तीन बाळंतपणांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, मग ती तरी काय विचारणार. आल्याचा लहान तुकडा आणि तुळशीची चार पानं घालून गरम पाणी, वर चमचाभर मध, एवढ्यावर तिची आणि तुमची तडजोड झाली.

तुम्ही स्वतः माझ्या डॉक्टरांना फोन लावलात. त्या म्हणाल्या तेवढंच दिलंत. ताप आला तरच घ्यायची पॅरासिटामॉल आणि नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब. भाऊ पाचशेची नोट घेऊन आला होता, माझं बिल शंभराच्या आतच राहिलं. सुटे नव्हते म्हणून तुम्ही हातावर दोन लिमलेटच्या गोळ्या ठेवल्यात. "या चघळा, घसा ओला राहतो." त्या दिवशी तुम्ही आपणहून दिलेल्या गोळ्या तेवढ्याच.

आता जे लिहायला मला लाज वाटतेय ते लिहिते. त्याच आठवड्यात माझं डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, बायका ओटी भरतायत, आणि बर्फी की पेढा ओळखायला वाटीवरचं झाकण उचलताना मला अशी उबळ आली की साडी ओली झाली. मी "चक्कर येतेय" म्हणून आत गेले आणि रडले. आईलाही सांगितलं नाही. तुम्हाला का सांगितलं माहीत नाही, बहुतेक तुम्ही विचारलंत म्हणून. दुपारी दुकानात कुणी नसताना म्हणालात, "खोकताना खालून थेंब येतात का?" इतकं सरळ. वाढलेल्या गर्भाशयाचा भार मूत्राशयावर असतो, त्यात खोकल्याचा धक्का बसला की असं कित्येकींना होतं, कुणी बोलत नाही इतकंच. उबळ येतेय असं वाटलं की आधी लघवी रोखून धरतो तसे स्नायू आत ओढून घ्यायचे, पाय एकमेकांवर ठेवायचे, पोटाशी उशी घट्ट धरायची आणि मग खोकायचं. दोन दिवसांत जमलं. एवढ्या खोकण्यानं बाळाला इजा होईल का, हा माझा रात्रीचा प्रश्नही तुम्ही तिथंच मिटवलात. ते पाण्यात तरंगतंय, त्याला फार तर झोका बसतो.

वाफ घेताना पातेलं मांडीवर नाही, जमिनीवर किंवा स्टुलावर ठेवायचं. रात्री डाव्या कुशीवर, डोक्याखाली दोन उशा. आणि औषधाच्या पाकिटावर पेनानं लिहिलेलं ते, जे अजून आमच्या फ्रिजवर आहे: ताप 100.4 च्या वर, धाप लागणं, छातीत दुखणं, कफात रक्त, बाळाची हालचाल कमी, यातलं एक जरी झालं तरी मेडिकलात यायचं नाही, 108 ला फोन करायचा.

सर्दी दहा दिवसांत उतरली. खोकला नाही. सोळाव्या दिवशी मी लिमलेटच्या गोळ्या घ्यायला आले तर तुम्ही म्हणालात, "दोन आठवडे झाले. सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्या." त्या दिवशी मी तुमच्यावर खरंच रागावले होते, काकू. टीबी? आमच्या घरात? बाबा तर दुकान बदलायचं म्हणाले. पण दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की तपासायचं, गरोदर असो की नसो, आणि गरोदर असेल तर आधी, यावर तुम्ही अडून राहिलात. दोन नमुने दिले, एक तिथंच आणि एक पहाटेचा. पैसे लागले नाहीत. अहवाल चांगला आला.

मग डॉक्टरांकडे गेले तेव्हा खरं कारण कळलं, आणि ते इतकं साधं होतं की हसू आलं. संक्रांतीचे दिवस, रोज कुणाकडे तरी जेवण, रात्री दहाला झणझणीत आमटी आणि लगेच अंथरूण. वाढलेल्या पोटामुळे आम्ल वर घशाशी येत होतं आणि आडवं झालं की खोकला सुरू. त्यात नाक सर्दी नसतानाही चोंदलेलं, कारण गर्भारपणात हार्मोन्समुळे नाकाचं आतलं अस्तर सुजतं. ते बाळंतपणानंतर आपोआप जातं म्हणाल्या डॉक्टर, आणि माझं पंधरा दिवसांत गेलंच. संध्याकाळी साडेसातला जेवायला लागले, झोपायच्या आधी दोन तास मोकळे ठेवले, आणि आठवड्याभरात खोकला थांबला. त्याच भेटीत फ्लूची लस घेतली, तीही तुम्ही "विचारा" म्हणून पाकिटावर लिहिली होती म्हणून. 2009 साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तेव्हा मी शाळेत होते, तोंडाला रुमाल बांधून जायचो. गरोदर बाईला फ्लू जास्त जड जातो हे मात्र मला तुमच्याकडून कळलं.

लेक चार महिन्यांची झाली. पावसाळा लागल्यापासून शिंकतेय आणि आत्या काल मधाचं बोट घेऊन आली. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, त्यातल्या जंतूंचं विष बाळाला बाधू शकतं, असं मी सांगितलं. आत्या रुसून बसलीय. "गर्भारपणी चालला, आता का नाही?" म्हणते. मला तिला नीट समजावता येत नाही, म्हणून येत्या गुरुवारी दोघींना घेऊन दुकानात येते. दुपारी येईन, गिऱ्हाईक नसताना. यावेळी सुटे पैसे आणते.

तुमची,
फाइलवाली ताई