सातबारा नाही, पण कागद आहेत

केटी, टेक्सास

ती. दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

अमेयला इथे घर घ्यायचंय. त्याने पाठवलेले दोन्ही घरांचे फोटो पाहून दादांनी जे विचारलं तेच आधी विचारायला हवं होतं: "सातबारा कुठाय?" सातबारा इथे नसतो, पण त्याच्या तोडीचे चार कागद असतात. ते आधी बघायचे. ग्रॅनाइटचा ओटा कुठे पळून जात नाही.

दोनांपैकी जुनं घर सिंको रँचमध्ये. ही वस्ती ह्यूस्टनच्या पश्चिमेला, शहराच्या हद्दीबाहेर. सिंको म्हणजे स्पॅनिशमध्ये पाच. पाच जणांच्या मालकीच्या गुरांच्या कुरणाचं हे नाव. पत्त्यात 'केटी' लिहितात ते पोस्टापुरतं, वस्ती केटी शहरातही नाही. म्हणजे नगरपालिकाच नाही. रस्ते काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), शाळा स्कूल डिस्ट्रिक्टची, पाणी आणि गटार 'मड'चं, आणि तुमच्या अंगणातलं गवत किती वाढलं हे बघायला एचओए, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांची संघटना.

मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. बिल्डर माळावर पाण्याच्या आणि गटाराच्या लाइनी टाकतो, मड रोखे विकून त्याचे पैसे परत करतं आणि ते कर्ज घरमालक करातून फेडतात. घरं वाढली, कर्ज फिटत आलं की दर उतरतो. समजा घर ४,००,००० डॉलरचं आहे. शंभर डॉलरमागे १ डॉलर दर असेल तर मडचे वर्षाला ४,००० होतात. ३० सेंट असेल तर १,२००. शाळेचा आणि काउंटीचा कर वेगळा. अमेयला आवडलेलं, जवळच्या फुलशिअर गावाकडचं कोरं घर नव्या मडमध्ये आहे, सिंको रँचमधलं जुन्यात. विक्रेत्याने मडची नोटीस लेखी द्यावी लागते; दर आणि काढलेले रोखे तिच्यात असतात. ती सहीच्या दिवशी नाही, आधी मागायची.

कोऱ्या घरात आणखी एक गोम आहे. करासाठी किंमत १ जानेवारीच्या स्थितीवर धरतात. त्या दिवशी तिथे नुसता प्लॉट असेल तर पहिल्या वर्षीचा कर प्लॉटचाच, आणि बँक त्याच हिशेबाने हप्ता बांधते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचा कर येतो, एस्क्रो खात्यात (बँक हप्त्यातून कराचे पैसे जिथे साठवते त्यात) तूट निघते आणि हप्ता एकदम चढतो. सेल्समन हे सांगत नाही. अमेयने पूर्ण घराचा कर धरूनच हप्ता काढावा.

जुन्या घरात प्रश्न पाण्याचा. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर ह्यूस्टनच्या बचावासाठी ॲडिक्स आणि बार्कर ही दोन धरणं १९४०च्या दशकात बांधली. एरवी ती कोरडी असतात. बार्करच्या पोटात चक्क बाग आणि खेळाची मैदानं आहेत. त्यामुळे आपण धरणाच्या वरच्या अंगाला राहतो हे कुणाच्या ध्यानात येत नाही. बार्करमागची सरकारी जमीन समुद्रसपाटीपासून साधारण ९५ फुटांच्या पातळीपर्यंतच, त्यापुढे खासगी घरं. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळात साठा १०१ फुटांच्या वर गेला. धरण फुटलं नाही. साठलेलं पाणी हळूहळू मागे सरकत सिंको रँचच्या काही भागांत शिरलं आणि कित्येक दिवस हललं नाही. २०१९ मध्ये फेडरल कोर्टाने यात सरकारला जबाबदार धरलं.

म्हणून पूररेषेच्या नकाशात घर 'सुरक्षित' रंगात दिसलं तरी मला ते पुरत नाही, कारण त्या नकाशात धरणाचा पूर्ण फुगवटा धरलेला नाही. एलेव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे घराची उंची मोजून दिलेला दाखला, मागून घराच्या जमिनीची पातळी साठ्याच्या आकड्याशी ताडून बघायची. दोन्ही आकडे एकाच संदर्भ पातळीवरून मोजलेत ना, हे सर्व्हेअरला विचारायचं. इथली जमीन खचते, जुने आकडे फसवतात. २०१९ पासून विक्रेत्याच्या लेखी माहितीपत्रात 'फ्लड पूल' (धरणाचं पाणी फुगून पसरतं तो भाग) आणि आधी शिरलेलं पाणी यांचे रकाने आहेत. घराच्या साध्या विम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविमा वेगळा, घरासाठी कमाल २,५०,००० डॉलर, आणि एरवी तो ३० दिवसांनी लागू होतो. वादळाची बातमी ऐकून धावलं तर उशीर झालेला असतो.

जमीन चिकणमातीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि घर एकाच काँक्रीट स्लॅबवर बसलेलं. बऱ्याच स्लॅबमध्ये ताणलेल्या तारा असतात. तिथे ड्रिल मारायचंच नाही. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चढलेली भेग आणि चौकटीत अडकणारं दार, दोन्ही एकाच भिंतीत दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवायचा. केसासारखी उभी भेग असली तर घाबरायचं कारण नाही. घरापासून पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार हवा. विटांच्या तळाशी ठेवलेल्या फटी मातीखाली गाडलेल्या नसाव्यात. खिडकीच्या डोक्यावरच्या बारीक नळीतून पाणी ठिबकत असेल तर माळ्यावरच्या एसीची मुख्य निचरा नळी शेवाळाने तुंबलीय. त्या खोलीचं छत नीट पाहायचं.

या तपासणीसाठी करारात 'ऑप्शन पिरियड' असतो: थोडी फी भरून ठरलेल्या दिवसांत कारण न देता माघार घेता येते. किती दिवस ते बोलून ठरतं. कमी घेऊ नकोस म्हणावं.

एचओएचं थोडक्यात. नियम काउंटीत नोंदलेले असतात. कुंपण, रंग, छप्पर, काहीही बदलायचं तर आधी लेखी परवानगी. वर्गणी थकली तर घरावर बोजा चढतो आणि कोर्टाच्या हुकमाने घर विकायलाही काढता येतं. एचओएकडून मिळणाऱ्या रिसेल सर्टिफिकेटमध्ये थकबाकी आणि मोडलेले नियम कळतात. वहिनी, दारावर गणपती लावायला हरकत नाही. श्रद्धेने लावलेल्या वस्तूंना २०११ पासून टेक्सासच्या कायद्याचं संरक्षण आहे.

राहायला गेल्यावर होमस्टेड सवलतीचा, म्हणजे राहत्या घराच्या करातल्या सुटीचा, अर्ज अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (करासाठी घराची किंमत ठरवणारं कार्यालय) फुकट होतो. पैसे मागणारी पत्रं येतील, ती फाडायची.

अमेयकडून दोन्ही मडच्या नोटिसा आणि सिंको रँचच्या घराचं माहितीपत्र मला पाठवायला सांगा. सह्या त्यानंतर.

लोभ असावा.

तुमचा,
बाळू