दंड भरतात, पण विमा घेत नाहीत

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, इथे अमेरिकेत आरोग्य विमा न घेता त्याचा दंड भरणाऱ्यांबद्दल तुम्ही फोनवर विचारलंत, "दंड भरायची तयारी आहे, तर तेच पैसे विम्यात का घालत नाहीत?" घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याने 2014 पासून विमा नसलेल्यांना देशभर दंड होता. 2016 पासून तो दर प्रौढ माणशी 695 डॉलर किंवा उत्पन्नाचे अडीच टक्के, यातलं जे जास्त तेवढा झाला. पुढे 2019 पासून केंद्राने तो शून्यावर आणला, आणि त्याच वर्षी आमच्या न्यू जर्सी राज्याने स्वतःचा लावला.

पण "तेच पैसे" नसतात हो ते. दंड वर्षातून एकदा, हप्ता दर महिन्याला. माझ्याकडे टॅक्सचे कागद घेऊन रंगकाम करणारे एक गृहस्थ येतात. स्वतःचा धंदा, त्यामुळे कंपनीचा विमा नाही. एक महिना कामच काम, दुसरा कोरडा. हप्त्यावर सरकारी सवलत मिळते, पण ती वर्षाच्या कमाईचा आधी अंदाज सांगून. कमाई अंदाजापेक्षा जास्त झाली, तर टॅक्सच्या वेळी सवलत परत मागतात. त्यांना नेमकी याची धास्ती आहे. शिवाय स्वस्तातली पॉलिसी घेतली, तरी बहुतेक उपचारांचे सुरुवातीचे काही हजार डॉलर आपल्याच खिशातून जातात. मग ते म्हणतात, हप्ताही मी भरायचा आणि डॉक्टरांचं बिलही मीच?

त्यांना बेफिकीर म्हणवत नाही मला. दोन मुलं आहेत, घरभाडं आहे, आणि हिशोब त्यांनी चोख केलेला असतो. साधं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं तरी तो कोलमडेल, हे त्यांनाही कळतं. हप्ताच झेपत नसेल तर दंड वाढवून काय होणार? सगळ्यात स्वस्त विमाही उत्पन्नाच्या मानाने महाग पडत असेल तर दंड माफ होतो, पण अनेकांना ते माहीतच नसतं. मी प्रत्येकाचं ते आधी तपासते.

आता आपलं. हप्ता वाढला म्हणून यंदा पॉलिसी सोडायचं तुमच्या मनात आहे, असं आई म्हणाली. बाबा, सोडू नका. नंतर नवी घेतली तर आईच्या शुगरसाठी वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा खर्च विमा देत नाही तो काळ, पुन्हा पहिल्यापासून लागू शकतो, तीन वर्षांपर्यंत. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटीही गेलाय. उरलेला हप्ता मी भरते. आई, रिन्युअलच्या नोटिशीचा फोटो तेवढा व्हॉट्सॲपवर पाठव, बाबा विसरतील.

तुमची लेक